गेज बदलायचं की डबे?

सोयाबीनची काढणी उरकते, दिवाळीच्या तोंडावर घरात चार पैसे येतात आणि धाराशिव, कळंब, उमरग्याच्या कॉम्प्युटर दुकानांत एक प्रश्न हटकून विचारला जातो: ‘पीसी जुना झालाय, गेम अडकतात. नुसतं कार्ड टाकलं तर भागेल का?’ विचारणारा बहुधा कॉलेजातला पोरगा असतो, शेजारी वडील उभे असतात. पीसी सहा-आठ वर्षांपूर्वी पुण्याहून नाहीतर सोलापूरहून असेंबल करून आणलेला. दुकानदार कॅबिनेटची बाजू उघडतो, आत डोकावतो आणि उलट विचारतो, ‘बोर्ड कुठला आहे?’

पोराला वाटतं, हा विषय बदलतोय. खरं तर विषयावर दुकानदार एकटाच आलेला असतो. मधल्या वर्गातलं नवं ग्राफिक्स कार्ड आज तीस हजारांच्या आसपास पडतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे एका कार्डापायी पाच-सहा क्विंटल सोयाबीन, आणि तेही हमीभाव पदरात पडला तर. एवढा पैसा सुट्या भागात घालायचा की अख्खी व्यवस्था बदलेपर्यंत हात आखडता घ्यायचा, हा प्रश्न छंदाचा दिसला तरी हिशेबाचा आहे. आणि धाराशिव जिल्ह्याला तो नवा नाही. रुळांच्या रूपाने तो इथे शंभर वर्षं मांडून ठेवलेला होता.

लंडनमध्ये नोंदणी झालेल्या बार्शी लाइट रेल्वे कंपनीची गाडी १८९७ मध्ये बार्शी रोडहून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, बार्शीला धावू लागली. कुर्डुवाडीवरून जाणारा मुंबई–सोलापूर–रायचूर हा मुख्य मार्ग साडेपाच फुटी ब्रॉडगेजचा. बार्शीची गाडी अडीच फुटी नॅरोगेजची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने अरुंद रूळ निवडले ते थोड्या भांडवलात जास्तीत जास्त माल हलवता यावा म्हणून. त्याचा नियम एका ओळीचा होता: इंजिन असो की मालडबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. एकाच जागी भार साचला की तिथले रूळ जड घ्यावे लागतात, पूल मजबूत करावे लागतात आणि स्वस्त गाडी महाग होऊन बसते. म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीकडून जोडलेल्या आठ चाकांची इंजिनं करून घेतली गेली. वजन चाकांवर सारखं वाटलं गेलं आणि यार्डाला तीस पौंडांच्या हलक्या रुळांवरून भरभक्कम माल जाऊ लागला. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोहोचली, १९०७ मध्ये तडवळ्यापर्यंत आली, १९११ मध्ये लातूरला गेली, १९२७ मध्ये मिरजेला. येडशी, ढोकी, मुरूड ही नावं त्या गाडीने तीन पिढ्यांच्या तोंडी बसवली.

गैरसोय एकच होती, पण रोजची. कुर्डुवाडीला प्रत्येक पोतं उतरवायचं आणि मोठ्या गाडीत पुन्हा चढवायचं. १९५४ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली, पुढे वाफेच्या जागी डिझेल इंजिनं आली, डबे बदलले. पोतं मात्र कुर्डुवाडीला उतरतच राहिलं. इंजिन कितीही ताकदीचं आणा, अडीच फुटांचा डबा साडेपाच फुटांच्या रुळावर चढत नाही. १९९२ मध्ये रेल्वेने देशभर एकच गेज करण्याचा ‘युनिगेज’ प्रकल्प हाती घेतला. लातूर ते उस्मानाबाद (आजचं धाराशिव) ब्रॉडगेज सप्टेंबर २००७ मध्ये सुरू झाली, उस्मानाबाद ते कुर्डुवाडी ऑक्टोबर २००८ मध्ये.

या इतिहासातून तीन गोष्टी निघतात आणि तिन्ही कॉम्प्युटरला लागू पडतात. पहिली: नॅरोगेज हा १८९७ मधला चुकीचा निर्णय नव्हता. त्या पैशात तीच गाडी शक्य होती आणि ती शतकभर पुरली. दुसरी: ती गाडी झिजून बंद पडली नाही. भोवतालचं जग एका मापावर गेलं आणि तिचं माप एकटं पडलं. तिसरी गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. जुनी गाडी उस्मानाबाद शहरात येतच नव्हती, ती येडशीवरून परस्पर निघून जायची. गेज बदलताना मार्गही नव्याने आखला गेला आणि जिल्ह्याच्या ठिकाणाला तेव्हा कुठे स्टेशन मिळालं. डबे बदलत राहिलं असतं तर हे शंभर वर्षांत झालं नसतं.

आता कॅबिनेटच्या आत पाहू. सुटा भाग बदलता येतो ही सोय आपण गृहीत धरतो, पण ती आपोआप आलेली नाही. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. घाई एवढी होती की कंपनीने प्रोसेसर इंटेलचा घेतला, ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टची घेतली आणि बोर्डावर जादा कार्डांसाठी पाच स्लॉट ठेवले. त्या स्लॉटचा तांत्रिक तपशीलही छापून मोकळा केला. त्यामुळे कुणीही त्यात बसेल असं कार्ड बनवू शकत होता आणि वर्ष-दीड वर्षात अख्खा पीसीच दुसरे बनवू लागले. भारतात आयबीएम तेव्हा नव्हती. परकीय भांडवलाच्या कायद्यावरून खटका उडाल्यावर १९७८ मध्येच ती निघून गेली होती. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीची दारं किलकिली केली, १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान कराराला सामील झाला आणि २००५ पर्यंत त्या करारातल्या वस्तूंवरचं आयात शुल्क शून्यावर आलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेला पीसी मराठवाड्यातल्या घरात पोहोचला तो या वाटेने. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी कोर्सने तालुक्यातालुक्यात क्लास उभे केले आणि तिथल्याच मशीनवर संध्याकाळी पोरं गेम खेळायला शिकली.

मापांच्या या बाजारात काही मापं फार टिकली. १९९५ मध्ये इंटेलने ठरवलेल्या एटीएक्स मापाच्या कॅबिनेटमध्ये आजचा बोर्डही त्याच स्क्रूंवर बसतो. ग्राफिक्स कार्डाचा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट २००४ च्या सुमारास आला आणि तेव्हापासून नवं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये, जुनं नव्यात, असं दोन्हीकडून चालत आलं आहे. प्रोसेसरच्या सॉकेटचं तसं नाही. तो कंपनीच्या मर्जीवर. इंटेलने २०१५ मध्ये ११५१ पिनांचा सॉकेट आणला. २०१७ मध्ये आठव्या पिढीचा प्रोसेसर आला, पिनांची संख्या तीच, तरी जुन्या बोर्डावर तो चालणार नाही असं कंपनीने ठरवलं. एएमडीने २०१७ मध्ये रायझनबरोबर एएम४ सॉकेट घरोघरी नेला आणि पुढची अनेक वर्षं त्यावर नवे प्रोसेसर दिले. तिथेही एक वळण आलं होतं. मे २०२० मध्ये कंपनीने सांगितलं की बी४५० सारख्या बोर्डांना पुढची पिढी मिळणार नाही; ग्राहकांनी जगभर गदारोळ केला आणि त्याच महिन्यात कंपनीला शब्द फिरवावा लागला. २०२२ मध्ये तर २०१७ च्या बोर्डांनाही नवे प्रोसेसर मिळाले. म्हणजे सॉकेट बंद होणं ही काही अटळ नैसर्गिक घटना नाही. तो कुणीतरी टेबलावर बसून घेतलेला निर्णय असतो आणि रेटा असेल तर तो बदलतोही.

पीसी जुना कशाने होतो, हेही मधल्या काळात बदललं. १९९३ मध्ये पहिला पेंटियम ६० मेगाहर्ट्झचा होता. मार्च २००० मध्ये एएमडी आणि इंटेल दोघांनीही एक गिगाहर्ट्झ गाठला. नोव्हेंबर २००२ मध्ये पेंटियम ४ तीन गिगाहर्ट्झवर पोहोचला. नऊ-दहा वर्षांत पन्नासपट. त्या काळात तीन वर्षांचा पीसी खरोखर म्हातारा असायचा. नवा गेम त्यावर उघडतच नसे. मग उष्णतेने वाट अडवली. २००४ मध्ये इंटेलने चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत सोडून दिला आणि वीस वर्षं उलटून गेल्यावर आज वेग सहा गिगाहर्ट्झच्या आसपास आहे. सुधारणा थांबली नाही, कोअर वाढले, आतलं काम हुशारीने होऊ लागलं. पण दरवर्षी मशीन मोडीत निघावं असा वेग राहिला नाही. २०१७-१८ चा बरा पीसी आजही साध्या फुल एचडी मॉनिटरवर बरेचसे गेम चालवतो.

मग घरोघरचे पीसी आत्ताच अचानक जुने का ठरताहेत? कारण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं तेच अटी घेऊन: टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा किंवा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर हवा. त्याआधीच्या मशीनला, ती कितीही धडधाकट असली तरी, अधिकृत प्रवेश नाही. घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेटची एक वर्षाची वाढीव मुदत मिळाली, ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्याच सुमारास एनव्हिडियानेही जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेच्या कार्डांसाठी गेमचे नवे ड्रायव्हर देणं थांबवलं. जीटीएक्स १०५० टीआय आणि १०६० ही आपल्याकडे नेहमी दिसणारी कार्डं त्यातच येतात. त्यांना आता फक्त सुरक्षेपुरती डागडुजी मिळेल. वॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम सुरू नसेल तर उघडत नाही. पूर्वी यंत्र मागे पडून संपायचं. आता ते परवानगी संपून संपतं. बार्शी लाइटचं जे झालं तेच.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. अपग्रेडचा प्रश्न आपण सुट्या भागाबद्दल विचारतो, पण उत्तर मापावर अवलंबून असतं. ज्या मापाला अजून पुढचं स्टेशन आहे त्याच्यावर भाग चढवावेत. ज्याचा रूळ संपला, त्याच्यावर नवं इंजिन चढवू नये.

दोन मशीन समोर ठेवू. पहिलं २०१४-१५ मध्ये घेतलेलं: इंटेल आय५-४४६०, एच८१ बोर्ड, डीडीआर३ ची आठ जीबी रॅम, जीटीएक्स ७५० टीआय कार्ड, एक टीबीची हार्ड डिस्क. दुसरं २०१९ चं: रायझन ५ २६००, बी४५० बोर्ड, डीडीआर४ ची आठ जीबीची एकच स्टिक, जीटीएक्स १६५० कार्ड. दोघांचे मालक दुकानात सारखीच तक्रार घेऊन येतात आणि दोघांनाही कार्डच हवं असतं.

पहिल्या मशीनचं माप सगळीकडून मिटलं आहे. त्या सॉकेटवर जाऊन जाऊन आय७-४७९० बसेल, तोही सेकंडहँड. डीडीआर३ रॅम नव्या कुठल्याच बोर्डावर चालत नाही, म्हणजे तिच्यावरचा रुपया त्या बोर्डाबरोबरच मरणार. विंडोज ११ नाही. नवं कार्ड बसेल खरं, पण चार कोअरचा दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर त्याला पुरेसं काम देऊ शकणार नाही. तीस हजारांचं कार्ड निम्मा वेळ रिकामं बसेल. इंटेलच्या आर्क कार्डांना तर बोर्डावर ‘रिसायझेबल बार’ ही सोय नसेल तर चांगलाच फटका बसतो आणि या वयाच्या बोर्डांवर ती कंपनीकडून आलेली नाही. अशा मशीनवर एकच खर्च शहाणपणाचा: साटा एसएसडी. ती टाकली की मशीन चालू होण्यातला फरक आजीलाही कळतो आणि पुढचा पीसी घेतला की तीच एसएसडी त्यात जाते.

दुसऱ्या मशीनला अजून बरीच स्टेशनं आहेत. विंडोज ११ त्याला मिळतं. आठ जीबीची जोडीची स्टिक टाकली की रॅम दोन्ही चॅनलवर चालते आणि गेममधले झटके कमी होतात. बायोस अपडेट केलं की त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० किंवा ५७००एक्स बसतो. पिढी दोन पायऱ्यांनी बदलते आणि बोर्ड, रॅम, डिस्क जागच्या जागी राहतात. त्यानंतर कार्डाचा विचार करावा. तोही तपशील पाहून, कारण २०२२ मध्ये आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी चारच लेन वापरतं आणि बी४५० च्या जुन्या पीसीआय ३.० स्लॉटमध्ये त्याचा वेग चांगलाच घटतो. स्लॉटमध्ये बसलं म्हणजे भागलं असं होत नाही.

अडतं कुठे, हे मशीनच सांगतं. अंदाज बांधायची गरज नाही. नेहमीचा गेम चालू असताना टास्क मॅनेजर उघडावा. ग्राफिक्स कार्ड ९५-९९ टक्क्यांवर असेल तर अडचण कार्डाची. कार्ड ५०-६० टक्क्यांवर रेंगाळतंय आणि तरी गेम अडकतोय, तर बहुतेक वेळा अडचण प्रोसेसरची. इथे एकूण आकड्याने फसू नये, कारण एखादाच कोअर गच्च भरला तरी एकूण वापर कमीच दिसतो. रॅम काठोकाठ भरलेली असेल तर झटके तिचे. खेळ सुरळीत आणि फक्त सुरू व्हायला वेळ लागत असेल तर डिस्क. कॅलथ्रॉपचा नियम इथे जसाच्या तसा लागतो: भार एकाच आसावर साचू द्यायचा नाही. साठ हजारांच्या कार्डाखाली दहा वर्षांचा प्रोसेसर ठेवणं म्हणजे तीस पौंडी रुळावर मेल गाडीचं इंजिन उभं करणं.

या मोजणीच्याही आधीचं एक काम फुकटात होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि धुळीचं तर विचारूच नका. हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसलेला असतो, थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली असते आणि प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःहून वेग कमी करत असतो. ब्लोअर मारला, पेस्ट बदलली आणि तक्रार संपली, असं अनेक मशीनचं होतं. दुसरी गोष्ट एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा भाग. असेंबल करताना पैसे वाचवायला सगळ्यात आधी कात्री तिलाच लागते. लेबलवर ४५० वॅट छापलेलं असतं आणि आतलं सामान त्याच्या निम्म्याच लायकीचं. विजेचा दाब जिथे दिवसभर वरखाली होतो तिथे कार्डाआधी ती बदलणं म्हणजे विमा उतरवण्यासारखं. आणि बायोस अपडेट करायचं तर यूपीएसवर. मध्येच लाईट गेली तर प्रोसेसर राहील बाजूला, बोर्डच हातचा जाईल.

भाग निवडताना आणखी एक कसोटी लावावी: हा भाग पुढच्या पीसीत सोबत येईल का? या जिल्ह्याने याचा एक मोठा दाखला पाहिला आहे. मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरारपंताने ती विजापूरला नेली. आज ती तिथल्या बुरुजावर आहे. निजामशाही बुडाली, परंडा या हातातून त्या हातात गेला, तोफ मात्र प्रत्येक नव्या मालकाच्या कामाची राहिली. कॅबिनेट, चांगली एसएमपीएस, एसएसडी आणि मॉनिटर ही त्या जातीची खरेदी आहे. बोर्ड बदलला तरी ती सोबत येते. डीडीआर३ रॅम आणि मिटलेल्या सॉकेटचा प्रोसेसर त्या जातीचे नाहीत, कितीही स्वस्त मिळाले तरी.

उरला बाजारभाव. यातही इतिहास कामी येतो, कारण सुट्या भागांच्या किमती शेतमालासारख्याच चढतात-पडतात. जुलै १९९३ मध्ये जपानमधल्या निइहामा इथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपच्या वेष्टनाला लागणारं रेझिन तिथे मोठ्या प्रमाणात बनत होतं, त्यामुळे जगभर रॅम महागली. २०११ मध्ये थायलंडमध्ये पूर आला आणि हार्ड डिस्कच्या किमती भडकल्या. २०१७-१८ आणि पुन्हा २०२०-२१ मध्ये क्रिप्टो मायनिंगवाल्यांनी ग्राफिक्स कार्डं उचलली आणि खेळणाऱ्यांना दुप्पट दाम मोजावे लागले; १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या क्रिप्टो चलनाने कार्डांची गरजच संपवली आणि तीच कार्डं वापरून झिजलेल्या अवस्थेत सेकंडहँड बाजारात ओतली गेली. २०२५ च्या अखेरीपासून पाळी रॅमची आहे. एआयच्या डेटा सेंटरकडे मेमरी चिप वळल्या, काही महिन्यांत रॅमच्या किमती दुपटीच्या पुढे गेल्या आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशल हा आपला घरगुती ग्राहकांचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

आधीच्या प्रत्येक तेजीनंतर भाव उतरले, कधी वर्षात, कधी दोन वर्षांत. आत्ताचाही केव्हातरी उतरेल. तोवर शहाणपण असं की, जे माप बदललं तर महाग झालेलाच भाग नव्याने घ्यावा लागेल, ते बदलणं पुढे ढकलावं. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर गेलं की डीडीआर५ रॅम घ्यावीच लागते. घरात डीडीआर४ ची सोळा जीबी असेल तर या घडीला ती ठेव समजून त्याच बोर्डाचा पुरेपूर उपयोग करावा. पहिल्या मशीनच्या मालकासमोर मात्र दोनच रस्ते राहतात: थांबणं, किंवा विंडोज ११ चालेल असा वापरलेला एएम४ संच घेणं. दुकानांत कंपन्यांचे वापरून झालेले छोट्या आकाराचे ऑफिस पीसीही स्वस्तात मिळतात, पण त्यांची एसएमपीएस त्यांच्याच मापाची असते आणि कार्डाची जागा अर्ध्या उंचीची. ते स्वस्त नॅरोगेज आहे, हे माहीत असूनच घ्यावं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. एवढा हिशेब करत बसलं तर पोराने खेळायचं कधी? शंभर वर्षं कुर्डुवाडीला पोती उतरवण्यात जे श्रम गेले तेही या काटकसरीचंच मोल होतं. आक्षेप खरा आहे. थांबणं फुकट नसतं. मिटलेल्या मापावर दरवर्षी दोन-तीन हजार घालत राहणारा माणूस पाच वर्षांत नव्या बोर्डाचे पैसे घालवून बसतो आणि हाती जुनंच मशीन राहतं. म्हणूनच आमचा सल्ला ‘थांबा’ एवढाच नाही. थांबायचं तर त्या मशीनवरचा खर्चही थांबवा आणि ते पैसे एका खात्यात बाजूला टाका. मधल्या काळात जुने गेम आहेत, आणि ते काही कमअस्सल नाहीत. लिनक्स टाकायची तयारी असेल तर स्टीमच्या प्रोटॉनमुळे विंडोजचे हजारो गेम त्यावर चालतात. वॅलोरंटसारखे अँटी-चीटवाले मात्र चालत नाहीत. गेज बदलायची वेळ आली की मार्गही नव्याने आखावा. घरात आता कुणाला संपादन करायचं आहे, कुणाला ऑटोकॅड लागतं, लॅपटॉपनेच भागेल का, गेम खेळणारा पोरगा पुढच्या वर्षी शिकायला पुण्याला जाणार आहे का, हे प्रश्न कार्ड बदलताना कुणी विचारत नाही. तेव्हा विचारावेत.

या सगळ्यात ग्राहकाने हिशेब करायचा आणि कंपनीने फक्त तारीख जाहीर करायची, हे मात्र पटत नाही. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी टाकून दिलेल्या मालाच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर टाकली; पण चालता माल सॉफ्टवेअरच्या निर्णयाने टाकाऊ ठरतो, त्याबद्दल हे नियम गप्प आहेत. युरोपीय संघाने जून २०२५ पासून मोबाइल आणि टॅब्लेटवर निदान पाच वर्षं अपडेट देण्याचं बंधन घातलं. आपल्या केंद्र सरकारनेही २०२४ मध्ये दुरुस्ती निर्देशांकासाठी समिती नेमली होती. त्या विचारात एक साधी अट जोडावी: बोर्ड, प्रोसेसर, कार्ड आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्या खोक्यावर आधार कधीपर्यंत मिळणार याची तारीख छापलेली हवी. औषधाच्या पाकिटावर मुदत छापायला लावणाऱ्या देशाला हे अवघड नाही. तीस हजारांचा माल घेताना त्याचा रूळ कुठवर जातो हे कळण्याचा हक्क परंड्याच्या ग्राहकालाही आहे.

तोवर ती तारीख आपणच शोधून काढायची. खरेदीआधी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात: बोर्डाच्या सॉकेटवर आजही नवा प्रोसेसर विकत मिळतो का, विंडोजचा आधार कधीपर्यंत आहे, कार्डाला नवे ड्रायव्हर येतात का. पहिल्या दोन उत्तरांत पुढची तीन वर्षं दिसत असतील तर जुनं कार्ड खुशाल बदलावं, पैसा वाया जाणार नाही. त्या दोन्हींची मुदत संपलेली असेल, तर कार्ड कितीही सवलतीत मिळालं तरी घेऊ नये. आणि एक हो, एक नाही असं निघालं, तर सोबत नेता येईल तेवढाच भाग घ्यावा आणि बाकी पैसा पुढच्या हंगामापर्यंत राखून ठेवावा.